तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून गिंबल का लावतो

"सर, दहा वर्षं एलिट डेंजरस खेळताय आणि अजून गिंबल?" एलिट डेंजरस म्हणजे अंतराळयानांच्या लढाईचा व्हिडिओ गेम, आणि गिंबल म्हणजे टार्गेटकडे आपोआप वळणारं शस्त्र. विंगमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या आमच्या टोळीत, नवा कुणी आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे येतंच. कुणी हसून विचारतं, कुणी काळजीने. एकदाच लिहून टाकतो, पुढच्याला हेच वाचायला देईन.

फिक्स्डचा, म्हणजे फक्त नाकासमोर मारणाऱ्या शस्त्राचा, मार जास्त, मान्य. समोरच्याने चॅफ, म्हणजे नेम फसवणारा कचरा, उडवला की गिंबल दारू प्यायल्यासारखी भरकटतात, तेही मान्य. तेव्हा टार्गेट सोडून द्यायचं, मग ती नाकासमोर मारतात आणि नेम आपला आपण धरायचा. रेलगन हे शस्त्र गिंबलमध्ये मिळत नाही, हे मला सांगू नका. २०१४ साली गेम आला तेव्हापासून हे सगळं मीच लोकांना ऐकवत आलोय. सुरुवातीच्या साइडवाइंडर यानाबरोबर येणारे गिंबल लेझर मी पहिल्या आठवड्यातच विकले होते.

तीन वर्षांपूर्वीची रात्र. एका ग्रहाभोवतीच्या कड्यातल्या खाणपट्ट्यात बाउंटी, म्हणजे गुन्हेगारांवरची बक्षिसं, गोळा करत होतो, सोबत ऑफिसातला एक पोरगा, गिंबलवाला. समोर ॲनाकोंडा, एक अवाढव्य यान. ती म्हणजे उडती चाळ, कशीही मारा, लागते. पण मला तिचा पॉवर प्लांट हवा होता आणि नेमाचं वर्तुळ काही केल्या त्यावर ठरेना. मी जॉयस्टिकला शिव्या घातल्या. महिनाभर तिचा डेडझोन, म्हणजे हलवली तरी गेम दखल घेत नाही तो मधला भाग, वाढवत नेला होता, ५ टक्क्यांवरून १५ वर. पोरगा हेडफोनमध्ये म्हणाला, "सर, एकदा गिंबल लावून बघा ना."

"घरी कॅरम पट्टी लावून खेळतोस का रे?"

तो गप्प झाला. तेवढ्यात मागून एक ईगल, छोटं यान, आली, माझी शील्ड आधीच गेली होती, माझं यान, वल्चर, फुटलं. विम्याचे ५ टक्के भरले, न वटवलेली बाउंटी बुडाली. त्याचं काही नाही. स्टिक सोडून चहा उचलला, तर अर्धा बशीत. कप खाली ठेवायला गेलो आणि तो बशीवर टकटक वाजत राहिला. माइक चालूच होता.

"सर, काय वाजतंय?"

"काही नाही," म्हणालो आणि गेम बंद केला.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, इसेन्शियल ट्रेमर, हातांचा कंप. मांडीवर हात ठेवला की शांत, काही धरायला गेलं की सुरू.

हे ऐकलं की लोक लगेच म्हणतात, "अच्छा, मग तुम्हाला चालेल." ते 'चालेल' माझ्या डोक्यात जातं. त्या पोराचे हात ठणठणीत होते. त्याला का नाही चालणार? शिवाय फिक्स्डसुद्धा, वर्तुळ टार्गेटजवळ गेलं की गोळी गुपचूप किंचित वळवून देतं. म्हणजे पट्टी सगळेच लावतात, कुणाची आखूड, कुणाची लांब.

यावर जुना मी म्हणतो, आखूड आणि लांब यांतच तर सगळा खेळ आहे. त्याला काय सांगू? ॲनाकोंडाचा पॉवर प्लांट फिक्स्डने उडवल्यावर जे वाटायचं, ते गिंबलने अजून एकदाही वाटलेलं नाही.

वल्चरला शस्त्रांच्या दोनच जागा. सध्या डावीकडे गिंबल आहे, उजवीकडे फिक्स्ड. पोरगा परवा विचारत होता, "हे कसलं लोडआउट, सर?" विषय बदलला. पट्टीबद्दल त्याला अजून सॉरी म्हटलेलं नाही.