न्यूट्रल लागेना: चिकटलेल्या क्लचचा माझा अनुभव

क्लच पूर्ण दाबलेला, तरी सात रस्त्याच्या सिग्नलला मोटरसायकल पुढं सरकायची. पुढचा रिक्षावाला वळून ‘काय बे’ म्हणायचा, तेही बरोबरच. इंजिन चालू असताना न्यूट्रल काही केल्या लागत नव्हतं, बंद केलं की मात्र अलगद लागायचं. म्हणजे गिअरबॉक्स ठीक होता, क्लच सुटत नव्हता; दाबूनही इंजिन गिअरपासून वेगळं होत नव्हतं.

एका गॅरेजात लगेच निकाल मिळाला: “मालक, प्लेटा गेल्या. सेट टाकून घ्या.” प्लेटा म्हणजे क्लचमधल्या एकमेकींवर दाबून बसणाऱ्या चकत्या. मला पटलं नाही. प्लेटा झिजल्या की क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी उचलत नाही. माझी गाडी तर चढालाही व्यवस्थित ओढत होती.

आधी बाहेरचं बघितलं. क्लच वायरला लिव्हरच्या टोकाशी बराच ढिलेपणा होता. तो जास्त असला की लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा पुरेशा सुटत नाहीत. तो १० ते १५ मिलीमीटरवर आणला, वायरीत तेल सोडलं. थोडा फरक पडला. ऑइल काळं झालं होतं, तेही बदलून जासो एमए२ ग्रेडचं, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचं, घातलं. पण डबल स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून मागचा ब्रेक हळूच लावला की इंजिन गुदमरायचं. क्लच नीट सुटत असेल तर चाक थांबतं आणि इंजिनाला पत्ताही लागत नाही.

मग अशोक चौकाकडच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. हाउसिंगचा, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या वाटीसारख्या भागाचा, नट खोलायचा खास पान्हा त्यांच्याकडे होता. नवीन ऑइल स्वच्छ भांड्यात काढलं, किक उतरवली, उजवं कव्हर सुटलं. जुनं पॅकिंग मात्र कव्हरला असं चिकटलेलं की खरवडण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून ऑइल झिरपणार, त्यामुळं घाई करून चालत नाही.

फ्रिक्शन प्लेटांची जाडी व्हर्निअरनं मोजली, मॅन्युअलमधल्या मर्यादेत होती. स्टील प्लेटा काचेवर ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघितला, वाकलेली एकही नव्हती. मिस्त्री म्हणाले, “आता नख फिरवून बघा.” हाउसिंगच्या बोटांवरून, म्हणजे कडेच्या उभ्या पट्ट्यांवरून, नख फिरवलं तर ठिकठिकाणी अडकायचं. फ्रिक्शन प्लेटांच्या कानांनी (कडेला बाहेर आलेल्या दात्यांनी) आपटून आपटून तिथं खाचा पाडल्या होत्या. लिव्हर दाबला की प्लेटा सरळ सरकायच्या सोडून त्या खाचांत अडकून बसायच्या.

खाचा उथळ होत्या म्हणून बारीक कानशीनं निघाल्या. खोल असत्या तर हाउसिंगच बदलावं लागलं असतं, आणि ते प्लेटांच्या सेटपेक्षा महाग. हाउसिंग बाहेर काढूनच घासलं, नाहीतर कीस इंजिनात जातो. रॉकेलनं धुतलं, प्लेटांना ऑइल लावलं, स्प्रिंगचे बोल्ट आलटून पालटून समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. इथं जोर केला की ॲल्युमिनियमचे आटे जातात.

नवं पॅकिंग घालून कव्हर बंद केलं, ऑइल भरलं, वायरचा ढिलेपणा पुन्हा लावून घेतला. आता इंजिन चालू असतानाही न्यूट्रल लागतं. रात्रभर उभी राहिल्यावर पहिला गिअर टाकताना जरासा झटका मात्र अजून बसतो. ऑइलमुळं प्लेटा एकमेकींना चिकटतात, तेवढं चालायचंच. इंजिन चालू करण्याआधी गिअरमध्ये क्लच दाबून गाडी चार पावलं ढकलली की तोही जातो.