आमची वाटचाल : पेटी, पुडी आणि गोव्याचा पाऊस

फोंड्यात वाद्यांचं दुकान घातलं तेव्हाचा हिशोब सरळ होता. हा गाणाऱ्यांचा मुलूख. केसरबाई केरकर केरीच्या, दीनानाथ मंगेशकर आणि अभिषेकीबुवा मंगेशीचे, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या (ते गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात तेवढं वर येतं). केसरबाईंची भैरवी तर 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. अशा ठिकाणी तंबोरे-तबले हातोहात खपतील, असं वाटलं होतं. खपले थोडे, दुरुस्तीला आले भरपूर. आज दुकानात विक्रीचं कपाट एक आहे आणि दुरुस्तीची टेबलं तीन.

शास्त्रीय संगीताचा धंदा म्हटलं की लोकांना मैफल आठवते. आमच्या वहीत मैफलीची पानं मोजकीच, ती बहुतेक भाड्याच्या तंबोऱ्याची. वही भरते ती गावोगावच्या भजनी मेळांनी, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांनी आणि जत्रेतल्या संगीत नाटकांनी. राग-ताल इथल्या माणसाच्या कानावर पडतात ते देवळाच्या सभामंडपात. तिथली पेटी बेसूर असेल, तर गावातल्या पन्नास मुलांचे कान बेसुरात तयार होतात. म्हणून मैफलीच्या वाद्याइतकीच मेहनत आम्ही देवळाच्या पेटीवर घेतो. पैसे मात्र तितके मागता येत नाहीत.

वेळापत्रक पाऊस ठरवतो. श्रावणात भजनी सप्ताह, लगेच चवथ (गणेशचतुर्थी), म्हणजे वाद्यं सगळ्यात जास्त वाजतात ती नेमकी हवा ओलीचिंब असताना. तबल्याचं कातडं पाणी धरतं, सैल पडतं, सूर उतरतो. वाजवणारा गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली ठोकून सूर चढवतो. दोन दिवसांनी पुन्हा उतरला की पुन्हा ठोकतो. वादी (कातड्याला ताण देणारी चामडी पट्टी) ताणून ताणून टोकाला जाते. भादवा संपतो, तबला तसाच कपाटात जातो, दिवाळीनंतर हवा कोरडी होते, कातडं आकसतं आणि कोणी हात न लावता पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं) चाटेपाशी, म्हणजे काठाच्या पट्टीपाशी, फाटते. नोव्हेंबरात येणाऱ्या फाटक्या पुड्यांतल्या बऱ्याचशा या कारणाने फाटलेल्या असतात. उपाय फुकटचा आहे: शेवटचं भजन झालं की आठही गठ्ठे सारखे वर घ्यायचे, सूर दीड-दोन पट्ट्या उतरू द्यायचा आणि मगच तबला ठेवायचा. पावसात कपाटात 40 वॉटचा साधा पिवळा बल्ब तळाशी लावायचा, वाद्यापासून हातभर लांब. एलईडी चालत नाही, त्याला ऊब नसते. आणि ओला तबला उन्हात किंवा विस्तवावर धरायचा नाही. शाई (पुडीवरचं काळं वर्तुळ) म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळ यांचे घोटून चढवलेले थर. कातडं झपाट्याने आकसलं की शाईच्या बारीक भेगा रुंदावतात, खपली उडते आणि तबला खरखरू लागतो. ती खपली डिंकाने चिकटवून आणणारेही आहेत. तसं केल्यावर पुडी बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

आमच्या कामात सगळ्यात मोठा बदल घडवला तो महिला भजनी मंडळांनी. पूर्वी गावात बहुतेक काळी एकचा (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तबला असायचा, पुरुषांच्या गळ्याला बेताचा, सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा. महिलांचा षड्ज (सा) काळी चार किंवा काळी पाच. त्या षड्जात तबला लावायचा तर तोंड सहा इंचांच्या घरात जातं, आवाज जाड होतो, द्रुत ठेक्यात बोल सुटे ऐकू येत नाहीत. काळी चारचा मध्यम (म) म्हणजे काळी एक, तेव्हा घरातला जुना तबला मध्यमात चालून जातो. पण भूप रागातल्या अभंगाला मध्यमच वर्ज्य. तिथे तो सूर सारखा टोचत राहतो. म्हणून मंडळाला एकच नवा तबला घ्यायचा असेल, तर आम्ही पाच इंची, काळी दोनचा सुचवतो. तो काळी चारला पंचमात (प) लागतो आणि काळी पाचला मध्यमात. दोन गायिका, एक तबला. काळी एकचा जुना तबला ताणून काळी दोनवर नेऊ नये. एखाददुसरा कार्यक्रम निभावतो, मग गजरा (पुडीच्या कडेचा चामडी गोफ) तुटतो.

पेटीचं दुखणं निराळं. 42 पट्ट्यांच्या, खर्ज आणि नर अशा दोन ओळींच्या पेटीत 84 सूर (जीभ बसवलेल्या पितळी चौकटी) असतात, आणि समुद्राकाठच्या गावांतल्या पेट्यांच्या पितळी जिभांवर हिरवट थर चढतो. सूर उतरतो किंवा मुका होतो. मुका सूर दिसला की लोक फुंकर मारतात. तोंडातली वाफच पुढचा थर चढवते. सुरावरचा स्क्रू सैल करायचा, जीभ आणि चौकट यांच्यात पातळ कागदाची पट्टी अलगद सरकवून कचरा काढायचा, कोरड्या मऊ ब्रशने झाडायचं. सूर चढवायचा तर जिभेच्या टोकाकडे खरवडायचं, उतरवायचा तर मुळाशी. दोन्हीकडे अगदी किंचित. मुळाशी जास्त खरवडलेली जीभ काही महिन्यांनी वाजता वाजता तुटते. भाता तपासायला साधी रीत: पूर्ण भरायचा, पट्टी न दाबता सोडायचा आणि मोजायचं. वीस सेकंदांच्या आत रिकामा झाला तर कुठेतरी चामडं सुटलंय. जुलैत पट्ट्या फुगून अडकतात, तेव्हा त्या तासून घेऊ नयेत. डिसेंबरात त्याच खिळखिळ्या वाजतात.

गांधाराचं (ग) भांडणही रोजचं. पेटीचा गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंटनी चढा असतो (लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर 100 सेंट). आकाशवाणीने 1940 साली पेटीला बंदी घातली, ती 1971 साली सैल झाली. त्या वादामागच्या आक्षेपांत हाही एक होता. एकाच गायकाची पेटी असेल तर आम्ही ती त्याच्या षड्जावरून लावून देतो. मेळाची पेटी कधीच नाही. तिच्यावर आज काळी एक, उद्या काळी चार.

तंबोऱ्याची विक्री आधी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने आणि नंतर मोबाईलने जवळजवळ संपवली. तक्रार करण्यात अर्थ नाही, शिकणाऱ्या मुलाला भाड्याच्या खोलीत तंबोरा ठेवायला जागा नसते. जवारीचं (घोडी घासून तारेचा झंकार जुळवण्याचं) काम मात्र टिकलं. तारेखाली घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) चर पडतो, झंकार बसतो, तारेखालचा दोरा कितीही सरकवला तरी सूर उघडत नाही. मग तार काढून बारीक कानशीने घोडीचा उतार पुन्हा सारखा करायचा, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, तार चढवून ऐकायचं, पुन्हा काढायचं. चार तारांना अर्धा दिवस जातो. नवे तंबोरे मिरजेहून येतात. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मिरज कोरडी, गोवा ओला, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर आणलेल्या तंबोऱ्याच्या खुंट्या फुगून अडकतात आणि जवारी हलते. आम्ही दिवाळीनंतर आणतो, घाटात तारा निम्म्या सैल ठेवतो आणि पंधरा दिवस दुकानात मुरू देऊन मगच जवारी काढतो.

वातानुकूलित सभागृहांनी नवं काम दिलं. बाहेरच्या दमट हवेतला तबला आत आला की अर्ध्या तासात कातडं सुकून सूर चढतो, पेटीचा सूर आहे तिथेच राहतो. म्हणून भाड्याची वाद्यं आम्ही तासभर आधी, एसी चालू करायला लावूनच पोचवतो. आयोजक विजेच्या बिलावरून कुरकुरतात.

घुमटाला (मडक्याच्या तोंडावर कातडं लावलेलं गोव्याचं वाद्य) घोरपडीचं कातडं मागणारे अजून येतात. घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, तेव्हा आम्ही बकरीचंच लावतो. आवाज थोडा बोदा येतो हे खरं. कोवळ्या बकरीचं पातळ कातडं घेतलं तर फरक बराच कमी होतो.

अडचण माणसांची आहे. पेटीचं काम शिकणारी मुलं मिळतात, पुडी बांधणारी मिळत नाहीत. तयार पुड्या बाहेरून मागवतो, गजरा बसवून सूर इथे लावतो. सप्ताहाच्या आदल्या आठवड्यात आलेल्या तबल्याला म्हणूनच नकार द्यावा लागतो. नवी पुडी बसवल्यावर तीन-चार दिवस रोज थोडी थोडी ताणावी लागते, एका रात्रीत चढवली तर भजनाच्या पहिल्याच बारीला सूर सोडते. आषाढी एकादशीपर्यंत आलेली वाद्यं श्रावणाआधी देतो, त्यानंतरची चवथीनंतर. दुकानाच्या दारावर तसा फलक लावलाय. तरी सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी तबला काखेत घेऊन येतोच.