तुम्ही विचारलंत म्हणून: दुखण्याची गोळी आणि पिशवीचा कॅन्सर

"दुखण्याच्या गोळीनं लघवीच्या पिशवीचा कॅन्सर जातोय म्हणे, खरंय का ओ?" अशोक चौकाजवळच्या माझ्या मेडिकलमध्ये हे अधूनमधून कुणीतरी विचारतंच. परवा विचारलं ते आमच्या अण्णांनी.

अण्णा यंत्रमागावर चादरी विणायचे. बिडी तोंडात कायम. मागच्या वैशाखात लघवी लाल झाली. दुखत काहीच नव्हतं, म्हणून उन्हाळी लागली असं धरून सब्जाचं पाणी पीत बसले. मीही जळजळीच्या औषधाच्या दोन बाटल्या दिल्या, एका शब्दानं चौकशी न करता. ते अजून मनाला लागतं. लघवीतून न दुखता रक्त जाणं हेच बहुतेकदा या आजाराचं पहिलं लक्षण असतं, आणि बिडी-सिगारेट सगळ्यात मोठं कारण. पुढं सोनोग्राफीत गाठ दिसली, दुर्बिणीतून काढली.

तर अण्णांचा प्रश्न. बात अगदीच हवेतली नाही. या गाठींत कॉक्स-२ नावाचं एन्झाइम बऱ्याचदा वाढलेलं सापडतं. ते प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवून सूज धुमसत ठेवतं, आणि गाठीला ते मानवतं. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या हेच एन्झाइम अडवतात. अमेरिकेत हाच कॅन्सर झालेल्या ३४ कुत्र्यांना नुसती पायरोक्सिकॅम ही दुखण्याची गोळी दिली, तर सहा जणांची गाठ आटली; त्यातल्या दोघांची पूर्ण गेली. हे १९९४ सालचं. २०१५ मध्ये उंदरांवर आणखी एक गोष्ट दिसली: केमोनं मरणाऱ्या पेशी मरता मरता प्रोस्टाग्लँडिन सोडतात आणि त्यानं उरलेल्या कॅन्सरपेशी जोर धरतात. सेलेकॉक्सिब या तसल्याच दुखण्याच्या गोळीनं ते रोखता आलं.

माणसांत मात्र गाडी अडली. ब्रिटनमध्ये ४७२ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षं सेलेकॉक्सिब, निम्म्यांना नकली गोळी असं करून पाहिलं. गाठ परत येण्याचं प्रमाण एकंदरीत काही कमी झालं नाही, उलट हृदयाचा त्रास गोळीवाल्यांत जास्त निघाला. शिवाय या गोळ्या मूत्रपिंडाला जड. मूत्रपिंडाला तशीच जड असणारी सिस्प्लॅटिनची केमो चालू असेल तर बघायलाच नको.

गंमत अशी, अण्णांच्या पिशवीत डॉक्टर नळीनं बीसीजी सोडतात, तीच ती टीबीची लस. ती मुद्दाम सूज आणते. त्या धामधुमीत शरीर कॅन्सरपेशींना ओळखून मारतं. म्हणजे एक सूज कॅन्सरला पोसणारी, दुसरी त्याच्यावर उठलेली. सरसकट सगळी सूज उतरवायला निघालेल्या माणसाला हे कसं समजवायचं?

अण्णांनी शांतपणे ऐकलं. "बरं, मग गुडघ्याला तरी द्या की एक पट्टी."

डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय नाही म्हणालो आणि शेकायची रबरी पिशवी काढून दिली.

"परत पिशवीच काय ओ," अण्णा म्हणाले आणि पैसे मोजू लागले.