तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरचं खातेवाटप

"तुमच्याकडे सगळ्यांचं सगळं लक्षात कसं राहतं हो?" हे मला इतक्यांदा विचारून झालंय, की एकदा लिहूनच टाकते. घरात पाच माणसं. आम्ही दोघं नोकरीवाले, मुलगा कॉलेजात, मुलगी शाळेत आणि सासूबाई. खरं सांगायचं तर लक्षात कुणाच्याच काही राहत नाही. राहत नाही हे आम्ही कबूल केलं, तिथून गाडी जरा रुळावर आली.

कबूल करायला कारण घडलं. एकदा दुपारी मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, "आज सहाला हिला क्लासवरून कोणीतरी आणा." नवऱ्याचा अंगठा आला. थोड्या वेळानं खुणा निळ्या झाल्या. ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचल्याशिवाय त्या निळ्या होत नाहीत, म्हणजे मुलानंही वाचलं होतं. मी निर्धास्त. पावणेसातला क्लासच्या बाईंचा फोन : मुलगी अजून फाटकाशी उभी आहे. घरी जुंपली. नवऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे "वाचलं". मुलगा मोकळा होता, तो जाईल. मुलाचं म्हणणं, बाबांनी अंगठा दिला म्हणजे बाबा जाणार. आणि मी तो अंगठा "आणतो" असा वाचला होता. एका अंगठ्याचे तीन अर्थ, आणि पोरगी पाऊण तास दप्तर पाठीला लावून उभी.

त्या रात्री घरातून "कोणीतरी" हा शब्द हद्दपार झाला. आता नाव घेऊनच सांगायचं, आणि ज्याचं नाव आलं त्यानं शब्दांत उत्तर द्यायचं : "मी आणतो" किंवा "मला जमणार नाही". अंगठा फक्त वाढदिवसाच्या फोटोंना.

कॅलेंडरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोनमधलं कुठलंही चालतं, सगळ्यांना दिसलं आणि बदलता आलं म्हणजे झालं. एक खड्डा मात्र दाखवून ठेवते. दर गुरुवारचा क्लास एका आठवड्यापुरता शुक्रवारी हलवताना फोन विचारतो, फक्त हाच बदलू की सगळे? मी घाईत "सगळे" दाबलं. पुढचे कित्येक गुरुवार मोकळे दिसायला लागले आणि त्या मोकळ्या जागांवर दोघांनी आपापली कामं टाकूनही दिली. सासूबाई फोनमध्ये बघत नाहीत, त्यांच्यासाठी फ्रिजवर जाड पेनानं लिहिलेला कागद असतो. पण खरी वही फोन. कागद ही तिची नक्कल. कागदावर परस्पर काही बदलायचं नाही. दोन्हीकडे लिहायला लागलो तेव्हा दोन्हीकडे वेगवेगळं असायचं.

एवढं सगळं करूनही मी दमलेलीच होते. कारण कॅलेंडरात दिसते ती ठरलेली गोष्ट. ती ठरवायला हवी हे आधी सुचतं कुणाला? दात दाखवून वर्ष झालं, बूट घट्ट व्हायला लागलेत, परीक्षेच्या आठवड्यात पाहुणे नकोत. अ‍ॅलिसन डॅमिंगर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ साली यावर लेख लिहिला. घरच्या या डोक्यातल्या कामाचे त्यांनी चार भाग केले : गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा भाग मुख्यतः बायकांकडे असतो, असं त्यांना दिसलं. मला ते वाचताना कुणीतरी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून टिपण घेतल्यासारखं वाटलं.

मग आम्ही सुटी कामं वाटणं बंद केलं आणि मंत्रिमंडळासारखं खातेवाटप केलं. दात, डोळे, औषधं, तपासण्या हे खातं नवऱ्याचं, सुचण्यापासून ते पार पडेपर्यंत. शाळा माझी. घराची बिलं आणि दुरुस्त्या मुलाकडे. अट एकच : दुसऱ्याच्या खात्यात आठवण करून द्यायची नाही.

ही अट पाळणं मला सगळ्यात जड गेलं. मुलीच्या दातांची तारीख टळून गेलेली मला दिसत होती आणि मी जीभ चावून गप्प होते. दुखत नव्हतं, नेहमीची तपासणी होती, म्हणूनच गप्प बसले. दुखणं असतं तर अट गेली खड्ड्यात. आठ दिवसांनी त्याचं त्यालाच आठवलं, आणि पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्यानंतर त्याच्या फोनमध्ये आगाऊ सूचना वाजायला लागल्या. मी लावून दिलेल्या नाहीत.

रविवारी रात्री दहा मिनिटं सगळे बसतो. पूर्वी सोमवार ते रविवार वाचन व्हायचं आणि मुलं जांभया द्यायची. आता एवढंच विचारतो, की या आठवड्यात अडचणीचा दिवस कुठला? त्या दिवसाचं बोलायचं आणि उठायचं.

मध्यंतरी मुलानं शनिवारी तीन ते सहा स्वतःच्या नावापुढे लिहिलं, "काही नाही." मला ती जागा रिकामीच वाटली, म्हणून म्हटलं, "तेवढ्यात जरा गॅलरीचा नळ बघ ना."

"आई, लिहिलंय ना," तो म्हणाला.

नळ रविवारी दुरुस्त झाला.