गाडी घेण्याची कारणे

मुंबईत नवी गाडी घेतलेल्या माणसाला ती का घेतली असे विचारले, तर तो आधी ॲव्हरेजचा आकडा सांगतो. वास्तविक त्याची गाडी वर्षातले बहुतेक दिवस सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभी असते, कारण ऑफिसला तो लोकलनेच जातो. आणि जी गाडी फारशी हलतच नाही, ती लिटरला किती देते याने घरखर्चात असा काय फरक पडणार? मला मात्र असे वाटत आले आहे की गाडीची सांगितलेली कारणे आणि खरी कारणे क्वचितच एक असतात, आणि त्यांत खरी कारणे बहुधा अधिक शहाणपणाची असतात.

एके काळी कारण देण्याचा प्रश्नच नव्हता. कुर्ल्याला प्रीमियर कंपनीची फियाट तयार होई आणि कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसॅडर, म्हणून इकडे रस्त्यावर फियाट दिसे आणि तिकडे ॲम्बॅसॅडर. पैसे भरून नंबर लावायचा, वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मिळेल त्या रंगाची गाडी पेढे वाटून घरी आणायची, एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती असे. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. पण आपल्या मध्यमवर्गाला ‘हीच का, ती का नाही’ याचे उत्तर देण्याची वेळ खऱ्या अर्थाने आली ती १९९८ साली, सँट्रो आणि इंडिका बाजारात उतरल्यावर.

आज पर्याय भरपूर असले, तरी मुंबईत गाडीची पहिली निवड जागा करते. शोरूमची पायरी चढण्याआधी माणूस मेजरिंग टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरतो, दोन खांबांमधले अंतर मोजतो, आरसे दुमडले तर किती वाचते आणि शेजारची गाडी उभी असताना आपले दार कितपत उघडेल याचा हिशेब करतो, आणि अंग चोरून बाहेर पडावे लागणार असेल तर घरातल्या सर्वांत जाड माणसाचा विचार, नाव न घेता, करतो. या हिशेबाला सरकारनेही नकळत हातभार लावला आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अबकारी करात सवलत मिळाली, आणि तेवढ्यासाठी कंपन्यांनी गाड्यांच्या डिक्या छाटल्या. मारुतीची २०१२ सालची डिझायर पाहिली की मागून कात्री चालवलेली उघड दिसते. लांबीची ती अट जीएसटीतही टिकून आहे. दिल्लीचा कर आणि मुंबईचे खांब यांनी एकमेकांना न विचारता एकच निकाल दिला, असा योग विरळाच.

अलीकडे ज्याला त्याला उंच गाडी हवी असते. त्याचे कारण विचारले तर २६ जुलै २००५चा दाखला मिळतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गाडी जमिनीपासून चार बोटे अधिक उंच असून काय होणार होते, हे मला उमगलेले नाही. खरे कारण मी एका परिचितांबरोबर शोरूममध्ये गेलो असताना पाहिले. सेल्समन सनरूफ उघडून दाखवत होता, मुलगा मोठ्या पडद्यावर बोटे फिरवत होता, आणि त्यांच्या आई काही न बोलता मागच्या सीटवर बसून पाहत होत्या. आधी पाहिलेल्या गाडीतून उतरताना त्यांनी काठी आधी बाहेर ठेवली, दाराची चौकट धरली, दोनदा जोर केला आणि शेवटी सुनेचा हात मागितला. या उंच गाडीतून मात्र त्या खुर्चीवरून उठावे तशा उठल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, ‘‘ही बरी आहे हो.’’ गाडी तिथेच ठरली. सोसायटीत सांगताना मात्र परिचितांनी ग्राउंड क्लिअरन्सच, म्हणजे गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंचीच, सांगितला. आईचे गुडघे हे कारण सांगायला माणसाला संकोच का वाटावा? माझ्या मते याहून चांगले कारण नाही.

कोकणातल्या माणसाचे कारण त्याहून निराळे. त्याची गाडी मुंबईत उभी असते आणि गणपतीला गावी जाते. अकरा महिन्यांचा हप्ता तो त्या एका वारीसाठी भरतो म्हटले तरी चालेल. त्यातच पेट्रोलच्या भावाला कंटाळून त्याने सीएनजी घेतलेली असली, की टाकी डिकी खाते आणि सामानासाठी टपावर कॅरिअर चढवावा लागतो. टाटांनी २०२३ साली एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, तो बदल मला सनरूफपेक्षा कितीतरी कामाचा वाटतो.

रंगाचे मात्र मला अजून कोडे आहे. पांढरा का, तर विकताना भाव चांगला येतो, असे उत्तर मिळते. म्हणजे गाडी घरी येण्याआधीच ती विकत घेणाऱ्या अनोळखी माणसाची आवड आपण जपतो. आमच्या इमारतीत याच कारणासाठी पांढरी गाडी घेणारे एक काका आहेत. त्यांच्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे सरली, तेव्हा त्यांनी आरटीओत खेटे घालून पुढच्या पाच वर्षांची मुदत वाढवून आणली.