पावणेसदतीस हजारांसाठी सहा चकरा

ट्रॅक्टर वावरात उभा आहे, चालतो चांगला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. राग आहे तो शोरूममधल्या त्या काचेच्या टेबलाचा. तिथे मी सहा वेळा बसलो, त्यातल्या पाच वेळा नुसता चहा पिऊन उठलो. आमच्याकडच्या कोणाला छोटा ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर त्याच्या तरी चार चकरा वाचाव्यात म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात. चार एकर संत्रा, १८ बाय १८ फुटांवर साधारण पाचशे झाडं, आणि तीन एकर पऱ्हाटी-तूर. फवारणीला भाड्याचा ट्रॅक्टर बोलवायचो. तो यायचा ४५ एचपीचा. झाडं बारा वर्षांची, फांद्या खाली लोंबलेल्या. एक चक्कर झाली की ओळीत हिरव्या संत्र्यांचा सडा, आणि ड्रायव्हर म्हणणार, "तुमचीच झाडं आडवी येतात भाऊ." पोळ्याला बैल सजवता सजवताच ठरवलं की यंदा आपला घ्यायचा, आणि लहान घ्यायचा.

निवडायला फार वेळ लागला नाही. महिंद्राचा जीवो, कुबोटाचा निओस्टार, स्वराजचा छोटा आणि राजकोटचा कॅप्टन एवढे पाहिले. शेवटी कोणता घेतला ते सांगत नाही. सांगितलं की वाचणारे कंपनीवरून भांडत बसतात आणि मुद्दा राहून जातो. मला तीन गोष्टी पाहिजे होत्या: रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास, फोर व्हील ड्राइव्ह, आणि ६०० लिटरचा फवारणीचा ब्लोअर पेलेल एवढी पीटीओची, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या दांड्याची, ताकद. सेल्समन इंजिनचा एचपी सांगतो. तुम्ही पीटीओचा एचपी विचारा, ब्लोअर आणि रोटाव्हेटर त्यावर चालतात. फोर व्हीलला पैसे जास्त लागतात, पण आमची काळी माती सप्टेंबरच्या पावसात टू व्हीलला जागेवर नाचवते. मोठेबाबांनी एकच सल्ला दिला होता, "लिफ्ट किती उचलते ते पाय." साडेसातशे किलो उचलते. त्यांचं समाधान झालं.

आता किमतीचं.

पोळा झाल्यावर आठवड्याभरात, म्हणजे ऑगस्ट २०२५ संपता संपता, आमच्या तालुक्याच्या डीलरकडे गेलो. कोटेशन मिळालं. मूळ किंमत ५,२५,०००, त्यावर १२ टक्के जीएसटी ६३,०००, एकूण ५,८८,०००. हे कोटेशन मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं. हा सगळ्यात शहाणपणाचा उद्योग ठरला, पण तेव्हा ते शहाणपण नव्हतं, सवय होती. सेल्समन तोंडी म्हणाला, "अठरा हजार कमी करून देतो, पाच सत्तरला उचला." मी म्हटलं विचार करतो.

विचार करेपर्यंत ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली आणि बातमी आली की ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के होणार, २२ सप्टेंबरपासून. गावात पारावर आनंदीआनंद. ज्यांनी ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर घेतला होता ते दोघं तेवढे आठ दिवस पारावर फिरकले नाहीत. मी दुसरी चक्कर मारली. सेल्समन म्हणाला, बावीस तारखेनंतर या. गेलो, ती तिसरी चक्कर. आता तो म्हणाला, कंपनीची नवी रेटलिस्ट यायची आहे. दसऱ्याच्या आधी गेलो तेव्हा नवीन कोटेशन हातात पडलं, त्यावर एकच ओळ होती: ५,७४,०००.

"चौदा हजार उतरले ना भाऊ," तो म्हणाला.

मी छाती पुढे काढून म्हटलं, "सात टक्के कर कमी झाला. ५,८८,००० चे सात टक्के काढ. ४१,१६० होतात. चौदा हजार कुठले?" कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ३५ एचपीला ४१ हजार उतरतील असं सांगितल्याचं पेपरात वाचलं होतं, तेही ऐकवलं. आकडा तर हुबेहूब जुळत होता! सेल्समन पोरगं हसलं. "तो मोठ्या ट्रॅक्टरचा आकडा भाऊ. आणि तुमचा हिशोबही चुकला." कॅल्क्युलेटरवर त्यानं काहीबाही दाबलं आणि मला गप्प केलं. हिशोब चुकला होता हे खरं, पण त्याचाही बरोबर नव्हता. मला ते तिथे कळलं नाही आणि मी चौथा चहा पिऊन परत आलो.

हिशोब पोरीनं केला, दहावीत आहे ती. म्हणाली, "बाबा, कर एकूण रकमेवर नसतो, मूळ किमतीवर असतो. ५,८८,००० ला १.१२ नं भागा." आले ५,२५,०००, जे माझ्या पिशवीतल्या कोटेशनवर छापलेलंच होतं. त्यावर ५ टक्के म्हणजे २६,२५०. एकूण ५,५१,२५०. म्हणजे काहीही घासाघीस न करता, नुसत्या करापोटी ३६,७५० रुपये कमी व्हायला पाहिजेत. मग तिनंच उलटं काम केलं, ५,७४,००० ला १.०५ नं भागलं. आले जवळपास ५,४६,६६७. मूळ किंमत एका महिन्यात साडेएकवीस हजारांनी वर सरकवली होती. वर ऑगस्टमधला तोंडी भाव ५,७०,००० होता, तो धरला तर सरकारनं कर कमी केला आणि मला ट्रॅक्टर चार हजारांनी महाग झाला.

पाचव्या चकरेला तो कागद घेऊन गेलो. तोंडातून शब्द निघायच्या आत पोरगं म्हणालं, "किंमत काहून पाहता भाऊ, किस्त पाहा. सहा महिन्यांत एकडाव भरायची. संत्रा निघाला की भरली." हे लक्षात ठेवा. किमतीचा विषय अंगाशी आला की ते किस्तीवर जातात. कर्ज बँकेचं घ्या, फायनान्स कंपनीचं घ्या, पण किंमत कागदावर आल्याशिवाय कर्जाचा क सुद्धा काढू नका. बँक कोटेशनच्या आकड्यावर मंजुरी देते. एकदा तो आकडा बँकेत गेला की डीलर निवांत होतो.

मी कागद पुढे केला. "शेठला विचारून येतो," म्हणून तो केबिनमध्ये गेला. केबिन काचेची. मला सगळं दिसत होतं. शेठ मोबाईलवर काहीतरी पाहत होते. पोरगं त्यांच्यासमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं, एक शब्द बोललं नाही, आणि बाहेर येऊन म्हणालं, "शेठ नाही म्हणते." असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मला हसू आलं, पण संतापही तेवढाच आला. मी म्हटलं, पहिल्या कोटेशनवर मूळ किंमत आणि कर वेगळा छापला होता, तसाच हाही छापून द्या. ते काही त्यांनी दिलं नाही. "सिस्टिममध्ये तसं येत नाही." ऑगस्टमध्ये येत होतं, ऑक्टोबरमध्ये येत नाही!

त्यांच्या या निवांतपणाचं कारण मला माहीत होतं. अनुदानासाठी ट्रॅक्टरचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर, आईच्या नावानं टाकला होता आणि पूर्वसंमतीचं पत्र आलं होतं. पूर्वसंमतीच्या आधी बिल केलं की अनुदान गेलं, आणि पूर्वसंमती आली की मुदतीत खरेदी करायची. मी शहाणा पहिल्याच उत्साहात ते पत्र मोबाईलवर शोरूममध्ये दाखवून बसलो होतो. मुदत त्यांना माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. "तारीख निघून जाईल बरं भाऊ," हे वाक्य मला दोनदा ऐकवलं. तुमचं पत्र आलं तर घरच्यांना दाखवा, देवापुढे ठेवा, डीलरला भाव ठरल्यावरच दाखवा.

दसरा गेला. आईला मुहूर्तावर पाहिजे होता, ती दोन दिवस बोलली नाही. मग मी तेच करायला पाहिजे होतं जे पहिल्या दिवशी सुचलं नाही. त्याच कंपनीच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या डीलरला, काटोलच्या बाजूला, फोन लावला. तेच मॉडेल, तेच टायर. त्यानं अर्ध्या तासात व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवलं: ५,५१,२५०. पोरीच्या वहीतला आकडा, रुपयाचा फरक नाही. ते मी तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात कागदावर काढून घेतलं. मोबाईलवरचं कोणी नीट पाहत नाही, टेबलावरच्या कागदाला वजन असतं.

सहाव्या चकरेला कागदासोबत आईलाही नेलं, तिच्या सह्या लागणारच होत्या. दोन्ही डीलरचे कागद शेजारी शेजारी ठेवले. पोरगं केबिनकडे निघालं. मी जरा मोठ्यानं म्हटलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मला पाठ आहे, कर कमी होऊन भाव कमी केला नाही तर तिथे तक्रार घेतात. तरी शेठ हलले नाहीत. तेवढ्यात आई उठली. तिनं आयुष्यभर बाजारात बैलांचे सौदे पाहिले आहेत. पदर खोचत म्हणाली, "उठ बाबू. बैल घ्याले आलो, सोयरीक जुळवाले नाही." आणि खरंच चालायला लागली. मी नाइलाजानं मागे. दारापाशी पोचलो तेव्हा शेठ पहिल्यांदा केबिनच्या बाहेर आले. "अव माय, बसा ना जी, चहा तर घ्या."

५,४३,००० ला सौदा पटला. हुक, टॉप लिंक आणि फायबरचं छत फुकट. छतावर मी अडून बसलो होतो, ते शेवटपर्यंत देत नव्हते, दीड तास त्याच्यावर गेला. ६,५०० रुपयांचे हँडलिंग चार्जेस कागदावर होते, ते खोडले. विमा बाहेरून काढला, त्यांच्यापेक्षा २,३०० रुपयांनी स्वस्त पडला. तुम्हीही बाहेर विचारून पाहा, विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते. बँकेत नवीन कोटेशन द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर जुन्याच आकड्यावर पैसे जातात.

बँक, तलाठी, नो ड्यूज, आरटीओ यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वेळेवर झालं. एमएच २७ चा नंबरही आला.

एक राहिलं. ट्रॅक्टर ताब्यात घेताना चेसिस नंबर, इंजिन नंबर बिलाशी जुळवून पाहा, आणि कोणत्या महिन्यात बनला तेही विचारा. मागच्या वर्षीचा माल धुऊन पुसून उभा केलेला असतो. तास मोजणारा मीटर पाहा. आमच्यासमोर आधी जो आणला त्याचे २३ तास झाले होते. डेमोला फिरलेला होता तो. परत पाठवला.

आणि पैशाचं सगळं हार घालायच्या आधी मिटवा. आम्ही कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आणायला गेलो. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले, आईनं कुंकू लावलं, मोठेबाबा सीटवर बसून फोटो काढत होते, आणि पोरगं कानाशी येऊन म्हणालं, "भाऊ, फाइल चार्जचे दोन हजार तेवढे." पावती? "त्याची पावती नसते." सहा चकरा मारलेला माणूस मी, पण सगळं गोत उभं असताना दोन हजारांवरून काय भांडणार? दिले. अजून झोपताना आठवतात.

डेमोबद्दल आधीच लिहायला पाहिजे होतं. डेमो शोरूमच्या आवारात घेऊ नका, तिथे सगळेच ट्रॅक्टर गुणाचे. आपल्या बगीच्यात बोलवा, ब्लोअर भरून जोडा, सगळ्यात जुन्या झाडांच्या ओळीतून चालवा, बांधाशी वळवून पाहा. मी एवढं सगळं केलं होतं. फक्त डेमोला आलेल्या ट्रॅक्टरवर छत नव्हतं.

दीड तास भांडून मिळवलेलं छत पहिल्याच फवारणीत तिसऱ्या झाडाच्या फांदीत अडकलं. संध्याकाळी पाना घेऊन काढून टाकलं. आता ते गोठ्यासमोर उलटं पडलेलं असतं आणि माय त्यात मुंगवड्या वाळवते.