नागलीचा राब: जाळ नको, आच हवी

जव्हार-मोखाड्यापासून पेठ-सुरगाण्यापर्यंत डोंगरउतारावरची नागली (नाचणी) बहुतेक आवणीनेच घेतात, म्हणजे आधी रोपं वाढवून मग ती शेतात लावतात. त्यामुळे तिचं बरंचसं उन्हाळ्यातच ठरून जातं, राब भाजताना. राब म्हणजे पालापाचोळा पसरून भाजलेली रोपांची जागा. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कुणाचंही शेत बघा. राब कच्चा राहिला असेल तर आषाढात ते लगेच कळतं.

एका एकराच्या आवणीला सुमारे चार गुंठे राब आणि दीड ते दोन किलो बियाणं पुरतं. जागा किंचित उताराची हवी, पाणी साचलं की रोप पिवळं पडतं. थर असे: खाली शेण किंवा गोवऱ्यांचा चुरा, त्यावर ऐनाच्या झाडाचा सुकलेला कवळ (छाटलेल्या डहाळ्या), मग पातेरा (वाळका पाला) आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. नवखा माणूस हा शेवटचा थर टाळतो, आणि तिथेच चुकतो. माती नसेल तर पातेरा भडाभडा पेटतो, बघता बघता राख होते आणि खालची जमीन थंडच राहते. वर माती असली की राब धुमसत राहतो आणि आच खाली उतरते. पेटवायचाही वारा जिकडे जातोय त्या टोकाकडून, म्हणजे विस्तव वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकतो. त्याआधी चारी बाजूंनी पट्टा झाडून साफ करायचा. तेवढा आळस केला की वणवा रानात जातो.

राखेतून पालाश, स्फुरद मिळतं हे खरंच, पण माझ्या मते राबाचं मोठं काम तण मारण्याचं आहे. राननागली नावाचं गवत कोवळेपणी नागलीसारखंच दिसतं, कणीस येईपर्यंत ओळखू येत नाही. दाट रोपांत ते निवडून काढणं जवळपास अशक्य. त्याचं बी जमिनीतच भाजून गेलं तर पुढची निम्मी बेणणी (खुरपणी) वाचते. राब फार आधी भाजला तर वारा राख उडवून नेतो, फार उशीर केला तर वळवाच्या सरीने कवळ भिजतो.

कवळ तोडताना शेंडा सोडायचा आणि त्याच झाडावर दरसाल कोयता चालवायचा नाही, नाहीतर ऐन खुरटतो. कवळाच्या हक्काचा वाद जुना आहे. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारींसाठी मुंबई सरकारने १८८५ साली फॉरेस्ट कमिशन नेमलं, त्यातही राब हा मोठा मुद्दा होता. साहेबाला त्यात लाकडाची नासाडी दिसली. शेतकऱ्याला त्यात रोप दिसत होतं.

जूनच्या पहिल्या पावसावर बी फोकायचं, म्हणजे हाताने पसरून टाकायचं. दाणा मोहरीहून बारीक, म्हणून त्यात कोरडी राख किंवा वाळू मिसळायची, म्हणजे हात सारखा चालतो. दाट पडलं तर रोपं काडीसारखी बारीक होतात.

तीन ते चार आठवड्यांचं रोप आवणीला योग्य. त्याहून जून झालं की फुटवे कमी येतात. राब ओला असताना रोपं उपटायची, मुळं तुटत नाहीत. एका ठिकाणी दोन रोपं, ओळीत साधारण वीत-वीत अंतर. रोप थोडं कललं तरी चालतं, चार दिवसांत उभं राहतं. मूळ मात्र मातीआड गेलं पाहिजे. युरिया हात सैल सोडून टाकला की करपा रोग बळावतो: कणसाची मान काळी पडते आणि दाणा पोचट राहतो.

वरकस (उताराच्या, हलक्या) जमिनीवर पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी (कारळा) आणि मग जमीन पडीक, असा जुना फेर आहे. पडीक वर्षं कमी होत गेली तसा दाणाही कमी होत गेला.

कणसं एकदम पिकत नाहीत, म्हणून दोन खेपांत खुडणं बरं. उन्हात खडखडीत वाळवून झोडायची. नीट वाळलेली नागली शेणाने सारवलेल्या कणगीत वर्षानुवर्षं टिकते. दाणा इतका बारीक आणि कठीण की किडीला फारसा शिरकाव मिळत नाही.

नागलीच्या भाकरीला थंड पाणी चालत नाही. एक वाटी पाण्याला उकळी आली की चिमूटभर मीठ आणि एक वाटी पीठ घालायचं, झाकून पाच मिनिटं ठेवायचं आणि गरम असतानाच मळायचं. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, उकडीनेच ते एकजीव होतं. तरीही थापताना कड चिरत असेल तर मळणं कमी पडलंय, हात ओला करून परत मळा. आंबिलीसाठी अर्धी वाटी पीठ दोन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवून ठेवायचं. सकाळी आंबूस वास आला की आणखी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते ओतायचं आणि दहा मिनिटं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या धरल्याच. उतरवून ताक घालायचं, उकळत्यात नाही, ताक फुटतं.